वन्संचं भाषांतर

समुपदेशक बाईंना सुनेची भाषा येत नव्हती, म्हणून पाचही बैठकांत नणंदच दुभाषी होती. प्रत्येक बैठकीचं रेकॉर्डिंग होत होतं. घटस्फोटानंतर सुनेची लेक कोणाकडे राहणार, हे बाईंच्या अहवालावर ठरणार होतं.

"नवरा मारतो," असं सून सांगायची.

"दादा तापट आहे, म्हणते," नणंद भाषांतर करायची. "आमच्यात एवढं चालतंच." बाई 'संस्कृतीचा भाग' असं लिहून घ्यायच्या.

सहाव्या बैठकीत सून थेट बाईंच्या भाषेत म्हणाली, "आधीचं सगळं रेकॉर्डिंग दुसऱ्या दुभाष्याला ऐकवा."

नणंदेचा चेहरा उतरला. "वहिनी, तुला येतं? मग इतके दिवस मूग गिळून का बसलीस?"

"एकदाच खोटं बोलला असतात, तर चुकून झालं म्हणून सुटला असतात, वन्सं."

बाईंनी तयार अहवाल फाडला आणि नणंदेला बाहेर पाठवलं.