टेकूखालचा चौकोन

टिन कॅन बे या खाडीच्या गाळावर सकाळ अगदी सावकाश उतरते. आधी खारफुटीच्या शेंड्यांवर राखाडी उजेड रेंगाळतो, मग ओहोटीने उघड्या पडलेल्या ओल्या चिखलावर येऊन किंचित पिवळा होतो, आणि कितीतरी वेळाने यार्डात टेकूंवर उभ्या असलेल्या नावांच्या पोटांना खालून हात लावतो. त्या उजेडात कुठल्याच तळाला काही लपवता येत नाही.

माझ्यासमोर 'आयरिस मे' होती, कोळंबीची जुनी लाकडी नाव. एके काळी ती माझे बाबा आणि क्लेम टारंट यांच्या भागीदारीची; आता एकट्या क्लेमची. मी लहान असताना समुद्रात तिची एक फळी फुटली; नाव ओढून आणली, बाबा परतले नाहीत. लाकूड किड्याने पोखरले होते. किडा लागू नये म्हणून तळाला विषारी रंग देतात; तो जिथे चुकतो तिथेच किडा शिरतो. "टेकूखालच्या जागा माझ्याकडून राहिल्या," असे क्लेमने आईला सांगितले होते. इतर मुले वडिलांचे घड्याळ जपतात, तसे ते वाक्य मी जपले.

टेकू जिथे टेकतो तिथे रंग पोहोचत नाही. क्रेनने नाव उचलली की पाण्यात सोडण्याआधी तेवढे चौकोन खरवडून रंगवायचे असतात. सारा तळ मी निगुतीने घासला, शिंपल्यांचे खवले काढले, रंगाचे दोन हात दिले. शेवटच्या चौकोनासाठी मात्र वेगळा डबा ठेवला होता: त्याच तांबड्या छटेचा, घराच्या कुंपणाचा साधा रंग. किड्याला उघडे दार. उरलेले काम समुद्र करील आणि क्लेमला कळेल.

नाव क्रेनच्या पट्ट्यांवर लोंबकळू लागली.

"एल्विन, तळ रंगवतोयस की नवरी सजवतोयस?" क्रेनवरून बॅझ ओरडला. "माझा नाश्ता गार झाला!"

"तुझ्या पोटाला ओहोटी कधी लागलीय का रे?" क्लेम हसला. मग माझ्याकडे वळून हळूच म्हणाला, "सावकाश कर, लेका."

मी खरवडणी उचलली. त्याला 'काका' म्हणणे मी केव्हाच सोडले होते.

संशय नको म्हणून चौकोन खरवडला. निळा थर गेला, लाल गेला. बाकी तळावर लालखाली सगळीकडे हिरवा होता, बाबांच्या शेवटच्या हंगामाचा. इथे हिरवा नव्हताच. करडे लाकूड आणि बुजवलेली छिद्रे. क्लेमकडून राहिलेली जागा हीच. मी कुंपणाच्या रंगाचा डबा उघडला.

"दे, एवढा मी करतो," म्हणत क्लेमने उजव्या हाताने ब्रश घेतला. हात खांद्याशीच अडला. त्याने निमूट डाव्या हातात ब्रश घेतला. "मोडला तेव्हापासून वर जातच नाही बघ."

"कधी मोडला?"

त्याने चौकोनाकडे पाहिले, माझ्याकडे नाही. "जुनी गोष्ट आहे."

"मग जागा तुमच्याकडून राहिल्या असं आईला का सांगितलंत, काका?"

"तिला कुणावर तरी चिडायचं होतं, लेका. गेलेल्या माणसावर कशी चिडणार?"

मी त्याच्या हातून ब्रश घेतला, डब्याचे झाकण घट्ट बसवले आणि खरा रंग आणायला गेलो. बाबांच्या त्या शेवटच्या हंगामाआधी क्लेमकाकांचा हात प्लास्टरमध्ये होता. त्या प्लास्टरवर मी मासा काढला होता. नाव बाबांनी एकट्याने रंगवली होती.