सुतकातली शिफारस

रविवारी संध्याकाळी सहा वाजता विद्यापीठाची शिफारसपत्रं घेणारी लिंक बंद झाली. त्याच सुमाराला बुऱ्हाणपूरच्या शनवारा मोहल्ल्यात, रावेरहून आलेले मेहुणे गिरधर, अरविंद सरांच्या डोक्यावर दुखवट्याची पांढरी टोपी ठेवत होते. सरांच्या पत्नीचं, सुनंदाबाईंचं तेरावं होतं. गुरुजी असीरगढला दुसऱ्या घरी अडकल्याने सगळंच लांबलं होतं आणि पुरणाच्या मांड्यांची शेवटची पंगत अजून उठायची होती.

पंगत उठली, गिरधर ओट्यावर पान लावत बसले, तेव्हा सर आतल्या खोलीत आले आणि त्यांनी संगणक लावला. शिफारशीचा मजकूर त्यांच्या डोक्यात तयार होता. गेले कित्येक दिवस ते तो मनात लिहीत होते, खोडत होते. लिंक उघडली. मुदत संपली आहे, एवढं एकच वाक्य आलं. त्यांनी मेल पुन्हा काढला. रविवारची तारीख त्यांच्या लक्षात होती. तिच्यापुढे सहाची वेळ लिहिली होती, ती त्यांनी वाचलीच नव्हती. दिवस म्हणजे रात्री बारापर्यंतचा, असं ते धरून चालले होते.

ही शिफारस अमृतासाठी होती. अमृता बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला. तिचे वडील संतोष कागदाच्या मिलमध्ये कामाला, राहणं मिलच्या कॉलनीत. मुलगी रोज बसने शहरात कॉलेजला येई आणि संध्याकाळची बस सुटेपर्यंत सरांकडे गणित करत बसे. सर शाळेतून निवृत्त झाले होते आणि अशी विद्यार्थिनी त्यांना नोकरीत असताना कधी मिळाली नव्हती. उत्तर आलं तरी ती थांबत नसे. दुसऱ्या वाटेने तेच उत्तर येतं का, ते बघे. तोवर सुनंदाबाई ताट वाढून हाका मारत. "तिला आधी जेवू द्या," त्या नवऱ्याला सुनावत, "तुमच्या गणिताने पोट भरत असतं तर मी चूल कशाला पेटवली असती?"

पुण्यातल्या विद्यापीठाच्या उन्हाळी शाळेची बातमीसुद्धा सुनंदाबाईंनीच वर्तमानपत्रातून कापून ठेवली होती. मे महिन्यात तिथे गणित आणि संख्याशास्त्र शिकवणार, राहणं-जेवण विद्यापीठाचं, आणि तिथे नाव काढणाऱ्यांना पुढे एम.एस्सी.ला बोलावतात, असं त्यात होतं. संतोषने बी.एड. ठरवून टाकलं होतं. सुनंदाबाई स्वतः कॉलनीत गेल्या, त्याच्याकडे चहा प्यायल्या आणि त्याच्या तोंडून वदवून घेतलं की पुण्याला नाव लागलं तर तो मुलीला अडवणार नाही. त्यांना स्वतःला मॅट्रिकनंतर शिकू दिलं नव्हतं. हे त्या कुणाला सांगत नसत, पण अमृताला सांगितलं होतं.

अमृताने अर्ज भरला आणि शिफारस करणाऱ्याच्या जागी सरांचं नाव दिलं. विद्यापीठाचा मेल थेट सरांकडे आला. तो आला त्याच्या आदल्या दिवशी सुनंदाबाई गेल्या होत्या. सकाळी दूध तापवताना खाली बसल्या, त्या उठल्याच नाहीत.

सरांनी मेल वाचला होता. विसरले वगैरे नव्हते. पण सुनंदाबाईंचा एक नियम होता. घरात सुतक असलं की तेराव्याचं गोड जेवण होईपर्यंत कुठल्याही शुभ कामाला हात लावायचा नाही. सासू गेली तेव्हा त्यांनी भाचीच्या लग्नाच्या पत्रिकेवर हळदीचं बोटसुद्धा टेकवू दिलं नव्हतं. सर या सगळ्याला जन्मभर हसत आले. सुतक हा काय विषाणू आहे, तेरा दिवस मोजून जायला, असं विचारून तिला चिडवत आले. आणि आता ती नाही, तर तिच्या मागे एवढं तरी नीट पाळावं, असं त्यांच्या मनाने घेतलं. सुतकातल्या हाताने पोरीचं भलं कसं लिहायचं, असं ती म्हणाली असती. तारीख तेराव्याचीच होती. जेवण झालं की लगेच लिहू, असं त्यांनी ठरवून टाकलं आणि कुणाशी बोलले नाहीत.

मधे एकदा अमृता आईबरोबर भेटायला आली होती. मायलेकी भिंतीशी बसल्या, पाणीही न घेता उठल्या. अशा घरातून निघताना 'येते' म्हणत नाहीत, तशा त्याही काही न म्हणता निघाल्या. आई पायऱ्या उतरली तरी अमृता दारात घुटमळली होती. सरांना वाटलं, पोरीला सुनंदाची आठवण येतेय.

सोमवारी सकाळी त्यांनी विद्यापीठात फोन लावला. पलीकडच्या माणसाने सगळं सभ्यपणे ऐकून घेतलं, लिंक पुन्हा उघडता येत नसल्याचं सांगितलं आणि समन्वयकांना मेल करून बघा म्हणाला. सरांनी फोन ठेवला आणि कॉलनीची बस धरली.

अमृता घरीच होती. अर्जाचं पान ती रोज उघडून बघत होती आणि रोज तिथे 'अपूर्ण' दिसत होतं, हे तिने विचारल्यावर सांगितलं.

"मग त्या दिवशी आली होतीस, तेव्हा बोलली का नाहीस?"

"आई म्हणे, गमीच्या घरात काही मागू नाही." ती ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. "आणि सर, काकू गेल्या होत्या ना. मी लेटरचं काय बोलणार? अच्छा नाही लगत."

छाया, तिची आई, आतून चहा घेऊन आली आणि कप ठेवून तिथेच उभी राहिली. संतोषची पहिली पाळी नव्हती, तोही घरात होता. त्याने सरांना खुर्ची दिली, स्वतः पलंगाच्या कडेला टेकला. बाई गेल्याचं दुःख त्याने दोन वाक्यांत बोलून घेतलं. मग म्हणाला, "जाऊ द्या सर. तुम्ही मनाला लावून घेऊ नका. बी.एड.चा फॉर्म भरून टाकू. मास्तरकी काय वाईट आहे? तुम्ही बी तेच केलं ना जिंदगीभर."

त्यात टोमणा नव्हता. तो सरांची समजूत काढत होता. सरांनी चहाचा कप खाली ठेवला.

नाव पुण्याला लागलं तर अडवणार नाही, असं त्याने सुनंदाला सांगितलं होतं, याची सरांनी त्याला आठवण करून दिली. "सांगितलं होतं," संतोष म्हणाला. "पण नाव तर आलं नाही ना सर."

अमृता सरांना बसपर्यंत सोडायला आली. फाट्यावर सावली नव्हती. केळीचे ट्रक एकामागून एक जात होते. आज घरी जाऊन समन्वयकांना मेल करतो, घरात काय झालं होतं ते सगळं लिहितो, असं सर म्हणाले. कारण खरं आहे, ऐकतील.

"काकूंचं नका लिहू, सर."

"का गं?"

"त्या गेल्या म्हणून मला घ्या, असं होईल ते." तिचे डोळे भरले होते, पण आवाज सरळ होता. "तसं नाही पाहिजे मला."

बस आली.

घरी त्यांनी मेल लिहिला. शिफारस जशी डोक्यात होती तशी लिहिली, एका गणिताची तिने शोधलेली दुसरी वाट पूर्ण मांडून दाखवली. उशिराच्या कारणापाशी त्यांचा हात थांबला. सुनंदा हा शब्द त्यांनी लिहिला आणि पुसला. शेवटी एवढंच ठेवलं: उशीर माझ्याकडून झाला, विद्यार्थिनीचा त्यात दोष नाही. जन्मभर सुनंदाला हसून, शेवटी तिच्याच नावाने नियम पाळला, आणि त्यात तिचीच एक इच्छा अडकली, हे कुठल्या रकान्यात लिहितात, ते त्यांना ठाऊक नव्हतं.

बुधवारी समन्वयकांचं उत्तर आलं. मेल मिळाला, उशिरा आलेल्या शिफारशी विचारात घ्यायच्या की नाही, हे समिती ठरवेल. समितीची बैठक कधी, ते त्यात नव्हतं.

शनिवारी दुपारपर्यंत अर्जाच्या पानावर 'अपूर्ण' असंच होतं. संतोषने बी.एड.च्या फॉर्मसाठी मुलीचे फोटो काढून आणले आहेत. फॉर्म अजून भरलेला नाही.