रोजचे सहा तास

शाळेचे हजेरीपट माझ्या ताब्यात असतात. माझं ऑफिस आणि विज्ञानाचे तास भरतात ती प्रयोगशाळा यांच्यामध्ये प्लायवूडचं पार्टिशन आहे. पलीकडे कोणी शिंकलं की इकडे मी दचकतो. त्यामुळे विज्ञानाच्या बाईंचं प्रकरण मला पहिल्या दिवसापासून ठाऊक आहे. कान लावण्याचे कष्टसुद्धा पडले नाहीत.

बाईंचा निकाल बावीस वर्षं शंभर टक्के. मुली पाठीमागे त्यांना ‘शंभर टक्के’च म्हणायच्या. बाई हे ऐकून होत्या आणि त्यांना ते कौतुक वाटायचं.

शाळा उघडून महिना झाला असेल. मधल्या सुट्टीत एक आई प्रयोगशाळेत आली. शिवणकाम करणारी; बाहीला दोऱ्याचं टोक चिकटलेलं. तिची मुलगी उन्हाळ्याच्या सुट्टीत तापाने गेली होती. आठवी आणि नववी, दोन्ही वर्षं ती याच बाईंच्या वर्गात होती.

“बाई, घरातली ती माझ्याकडे आहे,” आई म्हणाली. “पण रोजचे सहा तास ती तुमच्यापाशी असायची. तेवढे मला सांगा. इथे कशी होती ती?”

पलीकडे ड्रॉवर उघडल्याचा आणि पुन्हा लावल्याचा आवाज आला. मी पेन खाली ठेवलं.

“खिडकीशी बसायची,” बाई म्हणाल्या. “पेनाचं टोपण चावायची. किती वेळा रागावले मी!”

“अगंबाई! टोपण?” आई हसता हसता रडायला लागली.

ती गेल्यावर बाई माझ्या टेबलाशी. “भाऊ, त्या मुलीचे कागद काढा बरं.”

काढले. दोन वर्षांत फक्त नऊ दिवस गैरहजर. विज्ञानात बावन्न, चोपन्न, त्रेपन्न. शेरा दोन्ही वर्षं ‘समाधानकारक’. हाच शेरा वर्गातल्या आणखी एकोणतीस जणींना होता. प्रवेशअर्जावर पाच वर्षांची असतानाचा फोटो, तोही नेमके डोळे मिटलेला.

“आठवली?” मी विचारलं.

“अहो, चेहराच येत नाही डोळ्यांसमोर.”

“मग टोपण कोणाचं?”

बाईंनी कागद मिटून माझ्याकडे परत सरकवले. पुढच्या शुक्रवारी आई पुन्हा आली.

आता दर शुक्रवारी काहीतरी द्यायला हवं होतं, आणि बाईंच्या खात्यात त्या मुलीच्या नावावर काही नव्हतं. मग त्यांनी दहावीच्या वर्गातून, त्या मुलीच्याच मैत्रिणींकडून, उचलायला सुरुवात केली. एकीची हसताना उचकी लागायची सवय. एक जण वहीच्या प्रत्येक पानाच्या कोपऱ्यात मासा काढायची, तो मासा. शुक्रवार गाठायचा तर सोमवारपासून बघावं लागायचं. बावीस वर्षांत पहिल्यांदा बाई मुलींकडे बघत होत्या.

चोरीचा माल, पण बरकत आली. “आज मासा नाही काढलास?” असं बाईंनी विचारलं, तर ती मुलगी आनंदाने लाल झाली. मधल्या सुट्टीत मुली प्रयोगशाळेत रेंगाळायला लागल्या. मुख्याध्यापिकांनी बैठकीत सगळ्या शिक्षकांना सांगितलं, विद्यार्थ्यांशी नातं कसं जोडावं ते यांच्याकडून शिका. बाई टेबलाखाली हातरुमाल पिळत बसल्या होत्या.

कारण दुसरीकडे काहीतरी सुरू झालं होतं. वर्ग एक्केचाळीस मुलींचा. बाई डोकी मोजायच्या आणि बेचाळीस भरायची. एकदा मला बोलावून मोजायला लावलं. मी दोनदा मोजली.

“एक्केचाळीस, बाई.”

“हो ना?” त्या म्हणाल्या, आणि पुन्हा बाकांकडे बघायला लागल्या.

मग एका शुक्रवारी आई म्हणाली, “काल स्वप्नात आली होती. टोपण चावत होती आणि उचकी देत हसत होती. घरात कधी तशी हसली नाही हो. पण आता मला ती तशीच दिसते. तिचं आधीचं हसू आठवायला जाते, तर ते येतच नाही.”

प्लायवूडपलीकडे काचेचं काहीतरी फुटलं.

त्याच दिवशी बाईंनी सांगून टाकायला हवं होतं. पण तोंड उघडण्याआधी आईनेच मागितलं, “एकदा वर्गात बसू द्या. तिच्या खिडकीशी.” बाईंना नाही म्हणता आलं नाही.

आई तासभर खिडकीपाशी बसली. शेजारची मुलगी टोपण चावत होती. पुढच्या बाकावर कोणीतरी हसली आणि तिला उचकी लागली. आईने मान वाकडी करून आणखी एका मुलीच्या वहीत पाहिलं; पानाच्या कोपऱ्यात मासा होता. त्यानंतर ती कुठेच बघत नव्हती. हात मांडीवर ठेवून बसली.

तास संपल्यावर मुली प्रयोगशाळेच्या दारात घुटमळल्या. मीही ऑफिसबाहेर आलो, उगाच फायली झटकत.

“ही सगळी तर इथे जिवंत बसलीयेत,” आई म्हणाली. “माझी कुठंय?”

“मला ती आठवत नाही,” बाई म्हणाल्या. “पहिल्या दिवशीही आठवत नव्हती.”

मग टोपणवाली पुढे आली.

“काकू, ती खिडकीशी नाही बसायची. दाराशी बसायची, माझ्या शेजारी; मी खिडकीशी यंदा आले. दोन वर्षांत बाईंनी तिला चारदा उठवलं. फळ्यावर लिहिता लिहिता मागे न बघता हाक मारायच्या. चारही वेळा माझं नाव घेतलं.”

“मग?”

“मी उठायला जायचे, तर ती मला खाली दाबायची, स्वतः उठून उत्तर द्यायची. खाली बसून कानात सांगायची, ‘बघ, आजही तुझा तास मीच भरला.’ आणि हसायची. आवाज नाही यायचा. नुसते खांदे हलायचे.”

“खांदे!” आईने तिचा हात घट्ट धरला. “खांदेच! तोंडावर पदर घेतल्यासारखी, अशी ना?” ती करून दाखवायला लागली. “अशीच गं! अशीच हसायची माझी बया!”

मुलींनी तिला घेरलं. एकीला काही आठवलं, त्यावरून दुसरीला. बाई जरा पुढे सरकल्या.

“ताई,” त्या म्हणाल्या, “घरी कशी होती ती? मला सांगाल?”

आईने वळून पाहिलं. राग नव्हता, कापड पुरणार नाही असं गिऱ्हाइकाला सांगावं तसा चेहरा होता.

“नाही, बाई. ते आता मी कोणाला देणार नाही.” आणि मुलींना म्हणाली, “शुक्रवारी तुमच्याकडेच येते गं.”

मुली तिला जिन्यापर्यंत सोडायला गेल्या. प्रयोगशाळेत बाई आणि मी उरलो. मी म्हणालो, जाऊ द्या, निदान आजच्या मुली तरी तुम्हाला कळल्या.

बाई दाराजवळच्या रिकाम्या बाकाकडे बघत होत्या.

“भाऊ, तिची चारही उत्तरं बरोबर आली असणार,” त्या म्हणाल्या. “एखादं जरी चुकलं असतं, तर मी वळून बघितलं असतं.”