नदीच्या घरी गेलेली कुबडी

मित्रांनो, मी एक जुनी कुबडी आहे. मिरजेच्या सिकंदरचाचांच्या मुलीचे, सबीनाचे, ज्या वर्षी लग्न झाले त्या वर्षी माझा जन्म झाला. सालाचा आकडा मला सांगता येणार नाही. पण त्या लग्नाच्या दिव्यांच्या माळेमुळेच मी जन्माला आले, एवढे पक्के ठाऊक आहे.

खरे म्हणजे मी सतार व्हायची होते. सिकंदरचाचा सतारी करीत. मी चांगल्या सागवानाची लांब फळी. सतारीची दांडी करायची म्हणून त्यांनी मला कितीतरी पावसाळे माळ्यावर वाळत ठेवले होते. खाली तारा छेडल्या गेल्या की मी वरून ऐकायची आणि मनात म्हणायची, एक दिवस मीही अशीच गाईन. शेवटी तो दिवस आला. चाचांनी मला खाली काढले, रंधा मारला आणि माझ्या पोटातली गाठ वर आली. गाठीपासून एक बारीक चीर गेली होती. चाचांनी टिचकी मारली, कान लावला आणि मला कोपऱ्यात उभे केले.

"ही गाणार न्हाई," ते म्हणाले.

त्या कोपऱ्यात मी किती रडले असेन, ते लाकडालाच कळेल. पुढे सबीनाचे लग्न ठरले. चाचा दारावर दिव्यांची माळ लावायला शिडीवर चढले आणि खाली आले ते पाय मोडूनच. लग्न तोंडावर आलेले. बसून राहतील ते चाचा कसले? त्यांनी खाटेवर बसूनच चिरेचा भाग कापून टाकला आणि उरलेल्या लाकडातून मला घडवले. सवयीने माझ्या मानेवर सतारीवर काढतात तशी पानांची वेलही कोरली. काखेत टोचू नये म्हणून सबीनाच्या लग्नाच्या कपड्यांतून उरलेले हिरवे साटीन माझ्या डोक्यावर गुंडाळले.

त्यांच्या पत्नी अख्तरबी म्हणाल्या, "लगीन पोरीचं आन् नटवताय कुबडीला!"

लग्नात पाहुण्यांनी नवरीच्या खालोखाल माझेच कौतुक केले. चाचांचा पाय बरा झाल्यावर मात्र अख्तरबींनी मला चुलीची वाट दाखवली. असली वस्तू घरात नको, असे त्यांचे म्हणणे. चाचांनी मला त्यांच्या हातातून काढून घेतले.

"घरात ठेवायची न्हाई, जाळायची बी न्हाई," ते म्हणाले. "ज्याचा पाय मोडंल त्याच्याकडं ही जाईल. पण जो बरा झाला त्यानं हिला आपल्या पायांनी चालत नेऊन द्यायची. लांबचा गाव असंल तर शेवटची वाट तरी चालायची. दारात गाडीतनं उतरला, तर पडलेल्या माणसाला कसं कळायचं, की ह्यातनं उठता येतंय?"

तेव्हापासून मी घरोघर फिरले. एका रिक्षावाल्याला उभे केले. एका पहिलवानाला उभे केले. तो पहिल्या पावलाला लहान मुलासारखा रडला होता. कामाच्या दिवसांत मला सगळे जपत. पाय बरा झाला की मात्र काही जण मला विसरून जात. कुणी माझ्याने शेवग्याच्या शेंगा पाडल्या, कुणी शेळीच्या खोपटाच्या दाराला मला अडसर म्हणून लावले. पहिलवानाच्या गोठ्यात तर कोंबड्या माझ्यावर बसून पहाट करीत. पण कधी ना कधी जवळपास कुणाचा तरी पाय मोडे, आणि माझ्यावरची धूळ झटकली जाई.

सांगलीच्या हळद बाजारातले अडते अण्णाप्पा यांच्यावर पोत्यांची थप्पी कलंडली, तेव्हा मी त्यांच्याकडे गेले. देवळातली वाजवायची पेटी दुरुस्तीला देता देता त्यांची चाचांशी दोस्ती झाली होती. ते नुकते नीट चालू लागले होते, तोच त्यांच्या धाकट्या बहिणीचा निरोप आला. एके सकाळी अण्णाप्पा मला घेऊन भिलवडी स्टेशनावर उतरले आणि तिथून गावापर्यंत चालत गेले. ती बहीण म्हणजे चंदनबाला. मित्रांनो, माझ्या आयुष्यातली सर्वांत मोठी गोष्ट तिच्याच दारात सुरू झाली.

एकोणीस सालच्या महापुरात कृष्णा चंदनबालाच्या घरात शिरली होती. माळ्यापर्यंत पाणी. घरातली माणसे होडीतून बाहेर पडली. पाणी ओसरल्यावर महिनाभर चिखल उपसून झाला. तेव्हाच तिने मनाशी एक गोष्ट धरली. ती म्हणायची, "नदी माझ्या घरात येऊन सगळं बघून गेली. आता मला तिचं घर बघायचंय." नदीचे घर म्हणजे तिचा उगम, सातारा जिल्ह्यातले महाबळेश्वर. तिथवर काठाकाठाने चालत जायचे. तिची जाऊ सुंदरी आणि गल्लीतल्या आणखी चौघी तयार झाल्या. चातुर्मास संपला की निघायचे ठरले.

तिचा मुलगा अरिहंत म्हणाला, "आई, मी गाडीनं नेतो की. दुपारच्या आत महाबळेश्वर."

"नदी आपल्या घरात गाडीनं आलती व्हय रं?" तिने विचारले.

सरावासाठी ती कुंडलला, माहेरी जाऊन राहिली. रोज सकाळी पाठीवर धान्याचे गाठोडे बांधून पार्श्वनाथांच्या देवळाचा डोंगर चढायची. भाद्रपदातली एक सकाळ. पायऱ्या उतरताना समोर मुंगळ्यांची रांग आडवी चाललेली. पाऊल तर उचललेले होते. खाली जीव आहेत म्हणून तिने ते हवेतच वळवले. ते सुट्या दगडावर पडले आणि घोटा मोडला.

गावात हसण्याला ऊत आला. "मुंगळ्याला वाट दिली आन् सोता आडवी झाली," असे लोक म्हणायचे. चंदनबालाही हसायची. "ते चाललेलेच होते की. चालणाऱ्याला तुडवून मी कुठं चालत जाणार?" पण भिंतीकडे तोंड करून निजल्यावर ती हसत नसे. काखेत राहणाऱ्या वस्तूला माणसाचा श्वास कळतो. तिला पायाच्या दुखण्यापेक्षा वाट हुकल्याचे दुःख होते.

त्या दुःखातूनच तिने घाई केली. डॉक्टरांनी पाय अजून टेकू नका म्हणून सांगितले होते. दसऱ्याच्या दिवशी सगळे सोने लुटायला गेले, तेव्हा तिने मला दाराआड उभे केले आणि एकटीच नदीच्या घाटावर निघाली. दाराआडून मी तिचा पाय ओढल्याचा आवाज ऐकत होते. मला ओरडता येत नव्हते. संध्याकाळी अरिहंतने तिला उचलून आणले. घोटा भोपळ्यासारखा सुजला होता. पुन्हा प्लास्टर चढले. चातुर्मास संपल्यावर निघणे आता शक्यच नव्हते.

तिने सुंदरीला बोलावून सांगितले, "तुमी जावा. माझ्यासाठी थांबू नका."

सुंदरी कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "अगं ये शाने! नदी काय तुझ्या एकटीच्याच घरात आलती? माझी शेगडी कुठनं घावली ठाव हाय न्हवं? बाभळीच्या शेंड्याला! मलाबी तिला जाब इचारायचाय. पण तू न्हाईस तर तिला बोलणार कोण? मला बोलता येत न्हाई, नुसतं भांडता येतंय. संक्रांत झाल्यावर जाऊ, हळद काढायच्या आधी. तवर बरी हो, न्हाईतर माझ्याशी गाठ हाय."

प्लास्टर निघाल्यावर अण्णाप्पांनी बहिणीला मिरजेला नेले. माझ्या पायाचे रबर झिजले होते, ते बदलायला आम्ही सिकंदरचाचांकडे गेलो. चाचा आता थकले होते. डोळ्यांना कमी दिसे, पण कान तसेच होते. त्यांनी नवे रबर बसवले आणि म्हणाले, "ताई, जरा चाला बघू."

ती चालली. चाचांनी डोळे मिटले.

"ठेका चुकतोय," ते म्हणाले. "तुमचा सगळा भार कुबडीवर. ऐका, कशी ठक्क वाजतीया. मागं तुमी हिला टाकली म्हणून पडलात. आता टाकू नका. रोज थोडी कमी दाबा. ज्या दिवशी हिचा आवाज थांबंल, त्या दिवशी तुमी बऱ्या. डाक्टर फोटो काढून सांगतील, तुमी कानानं ऐका."

मग सुरू झाली आमची शाळा. अंगणात चंदनबाला मला घेऊन फेऱ्या मारायची आणि ओट्यावर सुंदरी डोळे मिटून शेंगा फोडत बसायची.

"ठक ऐकू आलं! फिरून ये!"

"शेंग फुटली ती!"

"मला शिकवू नकोस. शेंगंला कवापासनं रबर लागलं?"

काही दिवस मी जोरात वाजत होते. मग हळू वाजू लागले. मित्रांनो, माझी अवस्था मोठी विचित्र होती. मला आयुष्यभर आवाज करायची हौस होती, आणि आता गप्प होण्यातच माझे यश होते. एके दिवशी चंदनबाला अंगणाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेली आणि परत आली. सुंदरीने डोळे उघडले.

"अगं, चाल की! थांबलीस का?"

"चालूनच आले," चंदनबाला म्हणाली.

सुंदरीच्या मांडीवरचे सूप पालथे झाले. सगळ्या शेंगा अंगणभर पसरल्या आणि दोघी जावा एकमेकींच्या गळ्यात पडल्या. डॉक्टरांनीही फोटो काढून हाड सांधल्याचे सांगितले आणि चालायला परवानगी दिली.

संक्रांत झाली. सहा जणी निघाल्या. मला घरी ठेवावे असे चंदनबालाच्या मनात होते, पण चाचांचा निरोप आला होता: "सोबत न्या. पण टेकू नका, खांद्यावर न्या." तिने मला खांद्यावर घेतले आणि माझ्या डोक्याला आपले गाठोडे अडकवले. तोवर मी माणसांना उचलले होते. त्या वाटेवर पहिल्यांदाच एका माणसाने मला उचलले.

काय सांगू तुम्हाला त्या वाटेचे सुख! ताकारी गेले, बहे गेले, कराडचा संगम आला. उसाच्या फडातली माणसे हातातला कोयता थांबवून विचारत, "कुणाची कुबडी ही?" चंदनबाला ऐटीत सांगायची, "माझी!" आणि त्यांच्यासमोर दोन उड्या मारून दाखवायची. दिवस मावळायच्या आत त्या जेवून घेत, पाणी फडक्याने गाळून पीत आणि कुणाच्या तरी ओसरीवर निजत. उंब्रजच्या पुढे सोनिया नावाच्या एका बाईने त्यांना भाकरी वाढल्या. तिच्या सासऱ्यांचा गुडघा मोडला होता आणि ते अंथरुणातच होते. चंदनबाला त्यांच्यासमोर चालून दाखवत म्हणाली, "आवं आबा, श्रावणात मी चालतच होते. भादव्यात पडले, दसऱ्याला फिरून पडले. आन् आता बघा." म्हातारबा उठून बसले. मला नीट न्याहाळून त्यांनी विचारले, "असली कुबडी कुठं मिळतीया?"

माहुली झाली, वाई झाली. शेवटी घाट आला. चढावर घोटा दुखू लागला, हे मला तिच्या खांद्यावरून कळत होते. तेवढ्यात वाटेवर एक काळी रेघ दिसली. मुंगळ्यांची रांग! तिथेही सुटे दगड, तिथेही घसरण. बाकीच्या पाचही जणी जागच्या जागी थांबल्या. सुंदरी कुजबुजली, "बाई गं, हे मेले हितं बी आले!"

चंदनबाला हसली. तिने मला खांद्यावरून उतरवले, रांगेच्या पलीकडे पक्की जागा बघून टेकवले आणि लांब ढांग टाकून पलीकडे गेली. एकही मुंगळा चिरडला नाही. त्या सबंध वाटेत मी टेकले ती एवढीच. पलीकडे गेल्यावर सुंदरी इतक्या मोठ्याने ओरडली, की वरच्या वळणावरची माकडे पळाली.

उगमाजवळ पोहोचल्यावर चंदनबालाने चपला काढल्या. बारीक धार पडत होती. घर बुडवणारी ती नदी इथे माझ्या दांडीएवढीही जाड नव्हती. चंदनबाला धारेखाली हात धरून म्हणाली, "तू आमच्याकडं आलीस तवा न इचारता आलीस. मी बघ, चपला काढून आले." मग ती सुंदरीकडे वळली. "बोल की. तुला जाब इचारायचा हुता न्हवं?"

सुंदरीने धारेकडे पाहिले. "जाऊ दे," ती म्हणाली. "लेकराएवढी हाय. मोठेपणी बिघडली."

परतल्यावर चंदनबाला मिरजेला गेली, स्टेशनापासून चालत. सिकंदरचाचांनी तिला दारापासून पुन्हा एकदा चालत यायला लावले आणि डोळे मिटून ऐकले. मग मला मांडीवर घेतले, टिचकी मारली, कान लावला. "अख्तर," त्यांनी आत हाक मारली, "जरा हिकडं ये. ऐक हिला."

मित्रांनो, आता मी कुंडलला नाथाजींच्या पडवीत आहे. त्यांचा पाय बरा होत आला आहे. मला विसरले म्हणून मी आता कुणावर रुसत नाही, कारण माझा विसर पडणे म्हणजे एक माणूस चालू लागणे. पण एक विनंती आहे. तुमच्या घरी माझ्यासारखी एखादी कुबडी खुंटीला असेल, तर तिला जाळू नका, शेंगा पाडायलाही लावू नका. पाय लवकर बरा व्हावा म्हणून तिला आधीच टाकू नका, आणि बरा झाल्यावर कवटाळूनही बसू नका. ज्याला हवी आहे त्याच्या दारी आपल्या पायांनी चालत घेऊन जा. पडलेल्या माणसाला औषधाइतकाच चालत आलेला माणूस दिसायला हवा असतो.

अण्णाप्पा नाथाजींना सांगत होते ते मी ऐकले. मिरज स्टेशनावर त्या दिवशी रिक्षावाला होता, पहिलवान होता, अण्णाप्पा होते, चंदनबाला आणि सुंदरी होत्या. एकही जण वाहनात बसला नाही. सगळे चाचांच्या घरापर्यंत चालत गेले, आणि कुणालाच माझी गरज पडली नाही. मला घडवणारे सिकंदरचाचा त्याच सकाळी, गेल्या वर्षी रमजानच्या शेवटच्या शुक्रवारी, वारले.