नातं निवडा
दवाखान्याच्या नोंदणीच्या पडद्यावर एक बटण होतं. त्यावर लिहिलेलं होतं, ‘नातं निवडा’. ते दाबलं की खाली यादी उघडायची आणि सोबत आलेला माणूस पेशंटचा कोण लागतो ते तिच्यातून निवडायचं. हे बटण जिने बनवलं तिला तिच्या ऑफिसात सगळे बटणताई म्हणत. वय छत्तीस, कामाला वाघ, बोलायला तिरसट, आणि दोन वर्षांपूर्वी घटस्फोट झालेला. ऑफिस म्हणजे दाताच्या डॉक्टरच्या वरच्या मजल्यावरच्या दोन खोल्या. खाली ड्रिल सुरू झालं की वरच्या लोकांचं फोनवरचं बोलणं आपोआप नम्र व्हायचं.

सुरुवातीला तिच्या यादीत नऊच नावं होती. आई, वडील, नवरा, बायको, मुलगा, मुलगी, भाऊ, बहीण आणि शेवटी ‘इतर’. सुटसुटीत, एका नजरेत मावणारी यादी. ती घेऊन ती दवाखान्याच्या बैठकीला गेली आणि तिथे त्या यादीचं वाटोळं झालं.

अधीक्षकांना, म्हणजे दवाखान्याच्या सर्वांत मोठ्या साहेबांना, ‘इतर’ नको होतं.

“इतर ठेवलंत की काउंटरवर सगळ्या गावाला इतर करून मोकळे होतील,” ते म्हणाले. “मला आकडेवारी हवी. नेमकी.”

“सर, मग यादी लांबेल.”

“लांबू दे. आपल्याला कुठे ती पाठ करायचीय?”

मग जो तो आपल्या घरातली माणसं आठवून सांगू लागला. कुणी साडू घातला, कुणी आतेभाऊ. हिशेबनीस गृहस्थ तासभर गप्प होते, ते एकदम म्हणाले, “आजेसासू राहिली.” त्यांच्या चेहऱ्यावरून असं वाटलं की त्यांच्या घरी ती खरोखरच राहिली होती, आणि बरीच वर्षं. शेवटी मोठ्या सिस्टरांनी, ज्या साऱ्या वॉर्डांवर राज्य करत, विचारलं, “आणि सुटलेली नाती? माजी नवरा वगैरे?”

“ते नाही,” बटणताई जरा घाईनेच म्हणाली. “एकदा माजी सुरू केलं की सगळी यादी दुप्पट होईल.”

ते सगळ्यांना पटलं. यादी चौसष्टवर थांबली. तिने ती अकारविल्हे लावली, निवड केल्याशिवाय अर्ज पुढे सरकणार नाही अशी सोय केली, आणि बटण दवाखान्याच्या हवाली केलं.

पहिल्या आठवड्यातच तक्रार आली. अधीक्षकांचा फोन तिच्या साहेबांना, आणि साहेबांचा आवाज तिला. दवाखान्यात नातवंडांचा सुळसुळाट झाला होता. एका बाईचं ऑपरेशन ठरलं होतं, संमतीची सही हवी होती, आणि सिस्टर दोन तास वऱ्हांड्यात “पेशंटची नात कोण आहे, नात?” असं ओरडत फिरत होत्या. समोरच्या बाकावर साठीचे, भरघोस मिशांचे एक गृहस्थ बसून होते. ते त्या बाईचे नवरे. पडद्यावर मात्र ते नात होते. शेवटी त्यांनीच उठून विचारलं, “मी चालेन का?”

शिवाय एका सासूची सून झाली होती. ती बाई काउंटरवर येऊन तासभर भांडून गेली, कारण तीस वर्षं खस्ता खाऊन मिळवलेली बढती एका क्लिकमध्ये गेली होती.

“काउंटरवरच्या बाईला मेमो देतो,” अधीक्षक म्हणाले. “डोळे मिटून काम करते.”

मेमो निघायच्या आत बटणताई दवाखान्यात पोचली. तिला काउंटरवरच्या बाईची दया आली होती असं नाही, पण चूक नेमकी कुठे आहे हे कळल्याशिवाय तिला जेवण जात नसे. ही काउंटरबाई म्हणजे निवृत्तीला दीड वर्ष राहिलेली, जाड काचांचा चष्मा लावणारी, रुंद खुर्चीत ऐसपैस बसणारी बाई होती. तिने बटणताईला नखशिखांत न्याहाळलं.

“तूच का ती यादीवाली?”

“हो.”

“बस इथे. स्टुलाचा एक पाय लुळा आहे, डावीकडे रेलू नकोस.”

बटणताई तिच्या शेजारी तीन तास बसून राहिली. समोर रांग. बाई चटचट काम करत होती, पण यादीपाशी आली की अडखळायची. एका बाईला तिने विचारलं, “तुम्ही कोण? जाऊ?”

“थांबा की, आत्ताच तर आले,” ती बाई म्हणाली.

“अहो, पेशंटच्या जाऊ का तुम्ही?”

“पेशंटला घेऊन जाऊ? मग आणलं कशाला?”

ती निघाली पेशंटची मावशी.

तिसऱ्या तासाला बटणताईला हवं ते दिसलं. काउंटरबाईने यादीतून ‘नवरा’ निवडला. यादी मिटली. मग खालचा पत्ता भरण्यासाठी तिने माऊसचं चाक फिरवलं, आणि अर्ज वर सरकण्याऐवजी मिटलेल्या बटणावरचं नाव बदललं. नवऱ्याची नात झाली, कारण अकारविल्हे यादीत नवऱ्याच्या खाली नात होती. बाईचं लक्ष तोवर पत्त्याकडे गेलं होतं. म्हणून तर सासूची सून झाली. यादी मिटल्यावर चाक फिरलं तरी निवड बदलता कामा नये, एवढी साधी गोष्ट बटणताईने बांधायची राहून गेली होती.

तिच्या कानाच्या पाळ्या तापल्या. दहा वर्षं ती दुसऱ्यांच्या असल्या चुकांना हसत आली होती.

“बाई, चूक तुमची नाही. माझी आहे,” ती म्हणाली.

काउंटरबाईने चष्मा काढला, पुसला, परत लावला. “हे जरा वर अधीक्षकांच्या खोलीत जाऊन सांग. आणि दार उघडं ठेव.”

तिने सांगितलं, दार उघडं ठेवून. मेमो रद्द झाला. चाकाची भानगड तिने तिथेच बसून अर्ध्या तासात दुरुस्त केली, आणि तेव्हापासून दोघींचं जमलं. बाई तिला ‘पोरी’ म्हणू लागली आणि अधूनमधून विनाकारण फोन करू लागली.

त्यामुळे पुढच्या आठवड्यात सकाळी फोन वाजला तेव्हा तिला काही वेगळं वाटलं नाही.

“पोरी, घाबरू नकोस,” काउंटरबाई म्हणाली, आणि अर्थातच बटणताई घाबरली. “तुझ्या बाबांना आणलंय. स्टुलावरून पडले, बल्ब बदलत होते. पाय मोडलाय, कोपराला मोठी जखम आहे, तोंड शाबूत आहे. तू ये, कारण सोबतचा माणूस नातं सांगत नाही आणि माझा अर्ज पुढे जात नाही.”

“सोबत कोण आहे?”

“उंच आहे. चष्मा छान आहे.”

बटणताईने फोन ठेवला आणि खाली धावली. छान चष्म्याचा उंच माणूस तिला एकच माहीत होता. तिचा घटस्फोटित नवरा. त्याचं चष्म्याचं दुकान होतं.

ती पोचली तेव्हा बाबा चाकाच्या खुर्चीत पाय लांब करून राजासारखे बसले होते. मागे खुर्चीचा दांडा धरून तो उभा होता, आणि काउंटरबाई त्याला तिसऱ्यांदा विचारत होती.

“नातं?”

“तसं आता काही नाही.”

“‘तसं आता काही नाही’ असं यादीत नाही. चौसष्ट नाती आहेत, त्यातलं एखादं सांगा.”

“शेजारी?”

“शेजारी आहात?”

“नाही.”

“जावई लिहा,” बाबा म्हणाले.

“बाबा,” बटणताई म्हणाली. तिघांनी वळून पाहिलं. “हा इथे कसा?”

“रविवारी येतो तसाच आज दुकान उघडायच्या आधी आला. उलट बरं झालं, नाहीतर मी अजून फरशीवरच असतो.”

“रविवारी येतो म्हणजे?”

बाबांनी गुडघ्याकडे पाहिलं, जणू उत्तर तिथे लिहिलं होतं. “बुद्धिबळ खेळायला.”

“दोन वर्षं?”

“मधे दोन रविवार चुकले. त्याला ताप होता.”

तिने त्याच्याकडे पाहिलं. तो चष्मा पुसू लागला. अडचणीत सापडला की चष्मा पुसायचा, ही त्याची जुनी खोड. संसारात तिने त्याला इतका स्वच्छ चष्मा घालायला लावला होता की काही विचारू नका.

“मला कुणी सांगितलं नाही,” ती म्हणाली.

“घटस्फोट तुमचा झाला,” बाबा म्हणाले. “आम्हाला कुणी विचारलं? आमचा डाव अर्धवट होता.”

रांगेतल्या एका म्हातारीने मान डोलावली. काउंटरबाईने घसा खाकरला. “हे सगळं मला पटतंय, पण मागे सव्वीस माणसं उभी आहेत. मुलगी आली आहे, तर मी मुलगी टाकते. सही तू कर.”

बटणताईने सही केली. विषय तिथे संपला असता, पण बाईने पुढचा प्रश्न विचारला. “आणि दर दोन दिवसांनी ड्रेसिंगला कोण आणणार?”

बटणताईने मनातल्या मनात आठवडा उलगडून पाहिला. त्यात एकही मोकळी सकाळ नव्हती.

“मी आणेन,” तो म्हणाला. “दुकान अकराला उघडतं.”

तिला राग आला होता. बाबांचा, त्याचा आणि सगळ्यात जास्त स्वतःचा, कारण ‘नको’ म्हणायला तोंड उघडलं आणि बाहेर आलं, “बरं.” मग तिने पिशवीतून लॅपटॉप काढला, लुळ्या स्टुलावर बसली आणि यादीत पासष्टावं नाव घातलं. माजी जावई.

“चांगलं केलंस,” काउंटरबाई म्हणाली. “आता होणारी सूनही घाल. काल एक आली होती, बिचारीला मी मोलकरीण टाकलं.”

ते वाक्य बटणताईच्या डोक्यात घोळत राहिलं. पुढच्या बैठकीत तिने सांगून टाकलं की यादीच काढून टाकायची. त्या जागी एक रिकामी चौकट ठेवायची, माणूस जे सांगेल ते बाईने तसंच लिहायचं. आणि खाली फक्त तीन प्रश्न. सही कोण करणार, फोन कुणाला लावायचा, ने-आण कोण करणार. दवाखान्याला खरं तर एवढंच हवं असतं.

तिच्या साहेबांनी टेबलाखालून तिच्या पायाला पाय लावला. पासष्ट नावांचं काम काढून टाका म्हणणारी कर्मचारी त्यांनी पहिल्यांदाच पाहिली होती.

“आणि माझी आकडेवारी?” अधीक्षकांनी विचारलं.

“मागच्या महिन्यात काढलीत ना, सर,” मोठ्या सिस्टर म्हणाल्या. “एकोणपन्नास नाती. त्यांतल्या बारा जणींना मिशा होत्या.”

अधीक्षक पाणी प्यायले आणि त्यांनी मंजुरी दिली.

बटण गेलं. पहिल्या आठवड्याचे अर्ज तपासताना बटणताई एकटीच हसत बसली. काउंटरबाईने सांगेल ते तस्संच लिहिलं होतं. ‘शेजारी, बोलत नाही, पण आणलं.’ ‘हिला मी लहानाची मोठी केली, आई दुसरीच.’ ‘बायको म्हणते नवरा, हा म्हणतो बघू.’ एका ठिकाणी फक्त ‘जाऊ’ आणि पुढे कंसात ‘खरंच’.

सहा आठवड्यांनी प्लास्टर काढायचं होतं. त्या दिवशी तिने अर्धी रजा घेतली. बाबा आत गेले आणि ती दोघं वऱ्हांड्यातल्या बाकावर बसली, मधे एक माणूस मावेल एवढी जागा ठेवून.

“मी यायचं बंद करू का?” त्याने विचारलं. “तुला अवघड होत असेल तर.”

खरं उत्तर तिलाही माहीत नव्हतं. या सहा आठवड्यांत तो एकदाही उशिरा आला नव्हता. संसारात तो एकदाही वेळेवर आला नव्हता. दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या, आणि पहिलीमुळे दुसरी पुसली जात नव्हती.

“शनिवारी ये,” ती म्हणाली. “रविवारी मी बाबांकडे असते हल्ली.”

“शनिवारी दुकानात गर्दी असते.”

“मग रविवारीच ये. पण मी जेवायला वाढणार नाही.”

“तू तेव्हाही वाढत नव्हतीस,” तो म्हणाला, आणि चष्मा न पुसता तिच्याकडे पाहिलं.

तिला हसू आलं, ते तिने दाबलं, पण पुरतं दाबलं गेलं नाही. आतून बाबा डॉक्टरांना सांगत होते की पाय आता पहिल्यापेक्षा चांगला झालाय, दुसराही मोडून घ्यावा म्हणतो.

रविवारी तो आला. तिने खिडकीत बसून आपलं काम केलं आणि त्या दोघांकडे ढुंकून पाहिलं नाही, म्हणजे फार तर चार-पाच वेळा. बाबा चाळीस मिनिटांत हरले आणि उजेड कमी होता म्हणाले.