ठेकेदाराची मिशी

अड्याळच्या मंडईत आमच्या नाटकाची तिजोरी एका बोकडाने उघडली.

हे वाक्य तुम्ही वाचलंच नाही असं समजा. असं काही घडलेलं नाही. बोकडाचंही तेच म्हणणं आहे.

घडलं ते एवढंच. आमच्या नाटक मंडळीची तिकिटं मी बनवलेल्या अ‍ॅपवर मिळतात. नाव टाका, खुर्ची निवडा. या अ‍ॅपचा पासवर्ड गेल्या वर्षापर्यंत मंडळीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर होता. ग्रुपमध्ये चारशे बारा माणसं. त्यातल्या हिरालालने ऐन मंडईच्या, म्हणजे आमच्याकडच्या दिवाळीनंतरच्या जत्रेच्या दिवशी आत शिरून पहिल्या तीन रांगा आपल्या सासुरवाडीला देऊन टाकल्या. मंडई समितीचे अध्यक्ष श्यामराव यांनी तीन अंक उभ्याने पाहिले.

म्हणून यंदा मी पासवर्ड क्लाउडमधल्या तिजोरीत ठेवला. ही तिजोरी दर तीस दिवसांनी पासवर्ड स्वतःच बदलते आणि नवा कोणालाही दाखवत नाही, मलाही नाही. परस्पर अ‍ॅपच्या हातात देते, तेही दोघांनी मोबाईलवर चेहरा दाखवून मंजुरी दिली तरच. एक मी. दुसरे मंडळीचे मालक परसरामकाका. हा दोघांचा नियम मीच लावला. हुशारी माणसाला कुठेतरी काढावी लागते.

बाबा आधीच म्हणाले होते, "अतुल, यंदा अ‍ॅप बसलं तर सोमवारपासून माझ्यासंग वरठीले, कारखान्यात. दुसरी सायकल घेऊन ठेवली आहे." सायकल खरंच अंगणात उभी होती. तिला झेंडूचा हार घातलेला होता.

मंडईच्या दिवशी दुपारी बाराला तीस दिवस भरले, पासवर्ड बदलला आणि नव्याला मंजुरी मिळेपर्यंत अ‍ॅप बंद पडलं. दोन वाजता श्यामराव खुर्च्या मांडायला येणार होते, आणि कोण कुठे बसणार याची यादी अ‍ॅपच्या पोटात.

मी माझी मंजुरी दिली आणि मंडपामागे धावलो. काका फोनपुढे तोंड धरून उभे राहिले. फोन म्हणाला, ओळख पटली नाही. चारदा म्हणाला. पाचव्यांदा म्हणाला असता तर चोवीस तास कुलूप.

"काहून नाही ओळखत बे हा? मीच तर आहो."

मग माझ्या डोक्यात उजेड पडला. त्यांचा चेहरा मीच नोंदवला होता, महिन्याआधी, जुन्या नाटकाच्या दोन अंकांच्या मध्ये. तेव्हा काका खलनायक ठेकेदार होते. लाल डोळे, गालावर मस, कानापर्यंत मिशी. नव्या नाटकात ते गुळगुळीत हेडमास्तर. फोन ठेकेदाराची वाट पाहत होता.

"चेहरा नाही तर पिन चालते, काका. पिन सांगा."

"तूच म्हणाला होता, कोणालेच सांगू नका."

"मंग?"

"मंग मी मलेही नाही सांगतली."

मेकअपवाले यादोराव पेटीवर बसून पान लावत होते. "ठेकेदार करून देतो," ते म्हणाले, "पण नारळ फोडल्याबिगर पेटी उघडत नाही. अन् उघडली तर अर्धं थोबाड रंगवत नाही. आमच्यात तसं चालत नाही."

नारळ आणला. फोडला. प्रसाद वाटण्यात दहा मिनिटं गेली, कारण प्रसादाला मंडई जमली. मग काकांचे डोळे लाल झाले, गालावर मस आला, आणि यादोराव थांबले.

"मिशी वडशाच्या मंडळीनं नेली. त्यायचा डाकू बिनमिशीचा निघाला."

पावणेदोन झाले होते. मला सायकलची घंटी ऐकू येऊ लागली.

त्याच वेळी आमच्या सगळ्यांची नजर एकाच दिशेला गेली. काकांच्या बायको देवकाबाई खुंटाला बांधलेल्या गुलाबला पाला देत होत्या. गुलाब त्यांचा बोकड. काळाभोर, दाढी छातीपर्यंत.

"कापा," देवकाबाई शांतपणे म्हणाल्या, "पण सारी नका कापू. त्याले मंडईत फिराचं आहे."

अर्धी दाढी डिंकाने काकांच्या ओठावर बसली. ते खूश होऊन आरशात हसले.

"हसू नका काका. ठेकेदार हसत नव्हता."

"वास येऊन राहिला ना बापू."

शेवटचा प्रयत्न. काकांनी दात आवळून फोन धरला. गुलाब दावं ताणून आपली दाढी शोधत त्यांच्या खांद्यावर आला. फोन बराच वेळ विचार करत राहिला. मग पडद्यावर हिरवं वर्तुळ उमटलं आणि खाली अक्षरं आली: ओळख पटली, परसराम.

वर्तुळ गुलाबच्या तोंडाभोवती होतं.

यादोरावांनी गुलाबकडे बघून टोपी सरळ केली.

दोनला पाच मिनिटं कमी असताना यादी निघाली. श्यामराव पहिल्या रांगेत मधोमध. हिरालाल सासुरवाडीसकट शेवटच्या रांगेत, मंडपाच्या खांबामागे. बाबा आले, यादी वरपासून खालपर्यंत वाचली, स्वतःचं नाव दुसऱ्या रांगेत सापडल्यावर म्हणाले, "बरं आहे. सायकल तुझ्या मायले होईन." घरी जाऊन सायकलचा हार काढून आणला आणि गुलाबच्या गळ्यात घातला. गुलाबने तो तिथेच खाल्ला. देवकाबाई हसता हसता खाली बसल्या, काकांची मिशी गळून पडली, आणि गुलाबने तीही खाल्ली.

त्यामुळे पुढील अर्ज करणे भाग पडले:

प्रति, मा. व्यवस्थापक, तिजोरी विभाग, क्लाउड.

अर्जदार आपणांस नम्रपणे कळवू इच्छितो की, वर नमूद केलेला प्रकार घडलेला नाही. सबब विनंती की, श्री. परसराम यांच्या जागी गुलाब, बोकड, वय अडीच वर्षे, रा. अड्याळ, तालुका पवनी, जिल्हा भंडारा, यांची दुसरे मंजुरीकार म्हणून नोंद घ्यावी. त्यांची दाढी पूर्ववत होईपर्यंत पासवर्ड बदलण्यास स्थगिती मिळावी. आणि तसा लेखी आदेश दोन प्रतींत पाठवावा, कारण एक प्रत ते खातील.