पांढरा कोंबडा

नदीकाठच्या वूहू शहराच्या कोर्टात त्या दिवशी माणूस मावत नव्हता. निम्मे लोक नदीवरचे, उरलेले गंमत बघायला आलेले. नावाड्याची बायको वकिलापुढे तोंड उघडणार म्हटल्यावर कोण घरी बसतो?

सुईलान साक्षीला उभी राहिली ती हात कमरेवर ठेवूनच. शिपायाने हात खाली घ्यायला सांगितलं. तिने एक घेतला, दुसरा तिथेच ठेवला. आरोपीच्या जागी तिचा नवरा दाशुन मान खाली घालून बसला होता. मागचं वल्हं मारण्यात तिचा जन्म गेला होता आणि नावेवर ती दाशुनइतकीच पक्की खलाशी होती. पण कागदावर मालक तो, म्हणून बेड्या त्याला. ‘रुईफेंग’ आगबोटीची आणि त्यांच्या नावेची टक्कर झाली, नाव फुटली, मा नावाचा त्यांचा गडी बुडून मेला. मेला तो त्यांचाच माणूस, फुटली ती त्यांचीच नाव, आणि खुनाइतका मोठा आरोपही त्यांच्याच माथी. गरिबाच्या बाबतीत हिशेब असाच लागतो.

कंपनीचे वकील निए साहेब सरळ मुद्द्यावर आले. नावाडी लोक आगबोटीच्या अगदी नाकासमोरून नाव काढतात की नाही? नावेच्या मागे लागलेलं भूत आगबोटीखाली तिथल्या तिथे कापलं जातं, असं मानतात की नाही?

कोर्टात खसखस पिकली. दाशुनने मान हलवून तिला खुणावलं, नाही म्हण. पण नाही म्हणायची सोयच नव्हती. नदीवरचं शेंबडं पोरही ही गोष्ट जाणतं.

"मानतो," सुईलान म्हणाली. "मी स्वतः काढलीय नाव. जाळ्यात आठ-आठ दिवस शेपूट येईना, तेव्हा काढली. भूत कापलं गेलं की नाही देव जाणे, पण दुसऱ्या दिवशी मासे मिळाले. तुम्हीही काढाल साहेब, पोट रिकामं असलं की."

निए साहेब न्यायाधीशांकडे वळून हसले. झालंच तर मग. बाई स्वतःच कबूल करतेय. त्या सकाळीही हे लोक भर प्रवाहात आगबोटीला आडवे गेले आणि आपल्या कर्माने बुडाले.

"ते तुम्ही म्हणता," सुईलान म्हणाली. "आम्ही काठाला चिकटून होतो. प्रवाह चुकवायला आगबोटच काठाशी घुसली."

त्यावर निए साहेबांनी जुनंच दळण दळलं. पुरावा काय? दाशुनने चौकीवर सांगितलं होतं, की नावेत आईची शवपेटी होती आणि तिला गावी नेऊन मूठमाती द्यायची होती. चौकीवरच्यांनी विचारलं, पेटी कुठाय? पेटी नदीच्या तळाशी. मग पेटी नव्हतीच, असं त्यांनी ठरवून टाकलं. पाण्याखाली जाऊन कोण बघणार!

सुईलानने समोर बघितलं. आगबोटीचा सुकाणी कोंग तिथे पाय पसरून बसला होता. सकाळीच त्याची साक्ष झाली होती. दूर दक्षिणेकडच्या किनाऱ्यावरचा माणूस, बोलायला मोकळाढाकळा. फुटक्या नावेतून काय हाती लागलं, असं विचारल्यावर तो म्हणाला होता, दोन टोपल्या आणि एक कोंबडा, कोंबड्याचा रस्सा मात्र झकास झाला. त्यावर सगळं कोर्ट हसलं होतं. सुईलान हसली नव्हती.

"साहेब," ती न्यायाधीशांना म्हणाली, "या सुकाण्याला विचारा, कोंबडा कुठल्या रंगाचा होता."

निए साहेबांनी हरकत घेतली. कोंबड्याचा रंग आणि खटला यांचा संबंध काय? पण न्यायाधीश वूहूचेच होते. त्यांनी हातातली लेखणी खाली ठेवली आणि विचारलं.

"पांढरा," कोंग म्हणाला.

कोर्टातलं हसू एकदम मावळलं.

"पायाला काही होतं?" न्यायाधीशांनी विचारलं.

"लाल दोरी होती, तुटकी." कोंगने आजूबाजूला बघितलं. सगळे त्याच्याकडे असे बघत होते, जणू त्याच्या तोंडाला अजून रस्सा लागलाय. शेजारच्या शिपायाने त्याच्या कानात इथली रीत सांगितली. कोंगचा हात नकळत पोटावर गेला.

"विकायचा कोंबडा टोपलीत असतो," सुईलान म्हणाली. "लाल दोरीने बांधलेला पांढरा कोंबडा शवपेटीवर बसवतात, इथल्या कुणालाही विचारा. माझी सासू पेटीत होती आणि तिचा जीव नावेच्या मागोमाग येत होता, त्या कोंबड्याच्या हाकेवर. आगबोटीला आडवं गेलं की मागचं सगळं कापलं जातं, हे वकीलसाहेबांनीच आत्ता सांगितलं. बरोबर सांगितलं. भूत कापायला माणूस आडवा जातो साहेब, आई कापायला जात नाही."

निए साहेब म्हणाले की या अंधश्रद्धा झाल्या. न्यायाधीश म्हणाले, खरं आहे, पण अंधश्रद्धेचा मुद्दा आधी आपणच काढलात.

दाशुन संध्याकाळच्या आत सुटला. आगबोटीचं पुढे बघू, असं कोर्ट म्हणालं. म्हणजे कुणी बघणार नव्हतं, हे सुईलानला ठाऊक होतं. दाशुन म्हणाला, सुटलो हेच पुष्कळ, आता गप्प बस. ती म्हणाली, कोंबड्याची हाक तुटली, तुझी आई अजून तिथेच उभी आहे.

दुसऱ्या सकाळी ते उसन्या नावेतून त्याच जागी गेले, काठाला लागून. नावेच्या तोंडाशी नवा पांढरा कोंबडा बसवला होता. आधी सुईलानने बुडालेल्या माच्या नावाने भात पाण्यात सोडला. मग दाशुन आईला हाक मारू लागला, तोच खालच्या अंगाने, प्रवाहाविरुद्ध आगबोट आली. प्रवाह चुकवत, काठाकाठाने, अगदी त्या दिवसासारखीच. रुईफेंगच होती. तिने भोंगा वाजवला, पुन्हा वाजवला. दाशुन हाक अर्धवट टाकून वळला.

"बाजूला घेऊ या, अगं," तो म्हणाला. "ती थांबणार नाही."

"तू हाक मार," सुईलान म्हणाली. तिने वल्हं आडवं धरलं आणि नावेत पाय रोवून उभी राहिली. भीती तिलाही वाटत होती. पण एकदा इथून हललं, की जन्मभर हलावं लागलं असतं.

आगबोट जवळ आली. सुकाणूशी कोंगच होता. त्याने बाई पाहिली, मग नावेच्या तोंडाशी बसलेला कोंबडा पाहिला. भोंगा थांबला. आगबोटीचं तोंड हळूहळू वळलं आणि ती धापा टाकत भर प्रवाहात गेली, त्यांच्यापासून लांब. प्रवाशांनी शिव्या घातल्या असतील, कोळसाही जास्त जळाला असेल. कोंग वळून बघत नव्हता.

लाटा शांत होईपर्यंत सुईलान थांबली. मग तिने मागे पाण्याकडे तोंड केलं.

"चला, आई," ती म्हणाली. "वाट मोकळी झाली."